एंट्री फी परत मिळणार नाही

मुलगी बॅडमिंटनच्या वर्गाला जाऊ लागली त्याच आठवड्यात मी तिच्या खेळाच्या खर्चासाठी एक स्वतंत्र वही केली. तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि पहिल्या महिन्यात वहीत तीनच नोंदी झाल्या: वर्गाची फी, एक हलकी रॅकेट आणि कोर्टवर डाग न पाडणाऱ्या तळव्यांचे बूट. ती साडेतेरा वर्षांची होईपर्यंत एका महिन्याच्या नोंदींना चार पाने लागू लागली होती. आमच्या घरात पैशाची ओढाताण नव्हती, पण न मोजता खर्च करावा अशी सुबत्ताही नव्हती. त्या साडेपाच वर्षांत वहीत जे लिहिले गेले आणि जे लिहायचे राहून गेले, त्या दोन्हींविषयी येथे लिहीत आहे.

खेळाला किती खर्च येतो असे कोणी विचारले की पालक वर्गाच्या फीचा आकडा सांगतात. मीही अनेक वर्षे तोच सांगत असे आणि त्यात खोटे बोलण्याचा हेतू नसे; फी दरमहा ठरलेल्या तारखेला जाते, म्हणून तीच लक्षात राहते. प्रत्यक्षात आमच्या शेवटच्या पूर्ण वर्षाची बेरीज केली तेव्हा शंभरातले तीसच फीचे निघाले. पंचवीस प्रवासाचे आणि मुक्कामाचे होते. जवळजवळ तितकेच शटल, रॅकेट, गटिंग म्हणजे रॅकेटच्या तारा, आणि बूट यांनी घेतले होते. उरलेल्या विसांमध्ये स्पर्धांची एंट्री फी, संघटनेची वार्षिक नोंदणी, फिजिओथेरपी आणि तंदुरुस्तीच्या व्यायामासाठी लावलेले वेगळे प्रशिक्षक असे सगळे मावले होते. म्हणजे ज्या आकड्यावर विसंबून आम्ही ‘हे आपल्याला परवडेल’ असे ठरवले होते, तो पुढे एकूण खर्चाचा तिसरा हिस्साही उरला नाही.

यातला शटलचा भाग समजून घेण्यासारखा आहे, कारण खर्च कसा फुगतो ते त्यात स्पष्ट दिसते. सुरुवातीला मुले प्लास्टिकच्या शटलने खेळतात आणि ते पुष्कळ दिवस टिकते. पुढे स्पर्धेसाठी पिसांच्या शटलची सवय करावी लागते, कारण दोन्हींची हवेतली चाल वेगळी असते आणि हाताला बसलेला अंदाज एकावरून दुसऱ्यावर जसाच्या तसा नेता येत नाही. पिसांच्या शटलमध्ये हंसाची किंवा बदकाची सोळा पिसे असतात आणि नियमाप्रमाणे त्याचे सगळे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅमच्या मध्ये असते. इतक्या नाजूक वस्तूवर जोराचे फटके बसले की एखादे पीस मोडते, शटल डगमगू लागते आणि खेळातून बाद होते. शिकाऊ सुतार लाकूड वाया घालवतो आणि हात बसला की वाचवू लागतो; येथे नेमके उलटे होते. मुलीचा स्मॅश बसू लागला तशी शटल लवकर तुटू लागली आणि रॅकेटच्या तारांनाही तोच नियम लागू झाला. ज्या गटिंगला आधी चार-चार महिने हात लावावा लागत नसे, ते तीन आठवड्यांत तुटू लागले, आणि ते सामन्याच्या मध्यावर तुटले तर हाती दुसरी रॅकेट हवी म्हणून एकाच्या तीन रॅकेट झाल्या. खेळ सुधारल्याची पहिली बातमी मला प्रशिक्षकांकडून न मिळता गटिंगच्या बिलातून मिळाली, असे म्हटले तरी चालेल.

इतर खेळांत वस्तू बदलतात, गणित तेच राहते. पोहण्यात साहित्य थोडे लागते, पण तलावाचे तास महाग पडतात. जिम्नॅस्टिक्समध्ये उपकरणे संस्थेची असतात आणि त्यांचे भाडे फीमध्ये मुरलेले असते. आणि खेळ कोणताही असो, मुलांचे पाय वाढायचे थांबत नाहीत.

पायरी चढण्याची पद्धतही अशी असते की कोणतीही एक पायरी फार उंच वाटत नाही. आधी आठवड्यातून तीन दिवस, मग पाच, मग वरच्या बॅचमध्ये प्रवेश, मग त्या बॅचमधल्या इतर मुलांना वैयक्तिक प्रशिक्षण असते म्हणून आपल्यालाही. प्रत्येक वेळी प्रशिक्षक जे सांगतात ते खेळाच्या दृष्टीने बरोबर असते, त्यामुळे नकार द्यायला कारण सापडत नाही, आणि ‘आता एवढे केलेच आहे तर’ हे वाक्य घरात इतके रुळते की ते कोणी म्हणत आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही. ही केवळ आमच्या घराची गोष्ट नाही. अमेरिकेतील ॲस्पेन इन्स्टिट्यूट ही संस्था ‘प्रोजेक्ट प्ले’ या उपक्रमाखाली पालकांची पाहणी करते. तिच्या २०२४ च्या पाहणीत एका मुलाच्या मुख्य खेळावर कुटुंबाचा होणारा सरासरी वार्षिक खर्च २०१९ च्या तुलनेत ४६ टक्क्यांनी वाढलेला आढळला. पाच वर्षांत कोणत्या घराचे उत्पन्न इतके वाढते, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

सर्वांत जास्त विचार मी प्रवासाच्या रकान्याचा केला आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका गटात ६४ मुली असतील तर पहिल्या फेरीतच ३२ जणी घरी परततात. एकूण सामने ६३ होतात, प्रत्येक सामन्यात दोघी खेळतात, म्हणून सरासरी काढली तर एका मुलीच्या वाट्याला दोन सामनेही पूर्ण येत नाहीत. रात्रभराचा प्रवास, एका खोलीचे दोन दिवसांचे भाडे, दोघांपैकी एका पालकाची रजा, सकाळी सातला हजेरी, मग वेळापत्रक पुढे सरकत सरकत दुपारी तीनला सामना, आणि पंचवीस मिनिटांत सगळे संपलेले. आम्ही हे अनेकदा अनुभवले. ज्या मुलीला खेळायची सर्वांत जास्त गरज असते तीच सर्वांत कमी खेळते, आणि खेळाच्या एका मिनिटाचा भाव काढायचा ठरवला तर तो हरणाऱ्या मुलीच्या आईवडिलांना सर्वांत जड पडतो. स्पर्धेचा हॉल, पंच, शटल, करंडक हे सगळे ज्या पैशावर चालते त्यातला मोठा भाग लवकर घरी जाणाऱ्यांच्या एंट्री फीतून आलेला असतो. आयोजकांनी यात काही गैर केले असे मी म्हणत नाही. रचनाच तशी आहे. पण पहिल्या फेरीत हरलेल्या मुलांचे आभार एखाद्या तरी समारोपात मानले जावेत, असे मला फार वाटते.

मग जायचेच कशाला? तर क्रमवारीच्या गुणांसाठी. गुण असले तर मानांकन मिळते आणि मानांकन मिळाले तर पहिल्याच फेरीत तगडी प्रतिस्पर्धी वाट्याला येत नाही. जे कुटुंब वर्षाला बारा स्पर्धांना जाऊ शकते त्याच्या मुलाला गुण मिळवण्याच्या बारा संधी मिळतात. जे तीन स्पर्धांनाच जाऊ शकते त्याच्या मुलाला तीन. पुढे क्रमवारीच्या यादीत दोघांची नावे एकाखाली एक लागतात तेव्हा त्यात कौशल्य किती आणि प्रवासाचे पैसे किती हे वेगळे करून दाखवणारा रकाना नसतो. माझ्या मुलीची एक जोडीदार होती, आमच्या मुलीपेक्षा हाताने कितीतरी सरस. ती लांबच्या स्पर्धांना येत नसे. दोन वर्षांनी ती यादीत दिसेनाशी झाली, आणि आम्ही सगळ्या पालकांनी ‘तिचा रस कमी झाला असावा’ असे म्हणून विषय संपवला. तिच्या आईला एकदा तरी फोन करायला हवा होता.

वहीत न आलेल्या खर्चांपैकी पहिला माझा स्वतःचा आहे. संध्याकाळी साडेचार ते आठ हा वेळ सहा दिवस कोर्टच्या बाहेरच्या बाकावर गेला. कार्यालयात मला एक वरची जागा देऊ केली होती. तिच्यात संध्याकाळच्या बैठका होत्या म्हणून मी ती नाकारली. त्या नकाराची किंमत वर्षाकाठी फीच्या कितीतरी पट होती, पण वहीत तिच्यासाठी मी कधी रकानाच आखला नाही. नवऱ्याने आखला नाही हे तर झालेच. मात्र वही माझ्या हातात होती, तेव्हा त्याला दोष देऊन उपयोग नाही.

दुसरा खर्च धाकट्या मुलाचा. ताईपेक्षा तो चार वर्षांनी लहान. त्याचे शनिवार-रविवार स्पर्धांच्या हॉलमध्ये, दुसऱ्यांच्या किट बॅगांवर डोके टेकून गेले. सातव्या वर्षी त्याला मानांकनाचा अर्थ माहीत होता आणि स्वतःला काय खेळायला आवडते ते माहीत नव्हते. एकाच्या खेळासाठी घराचे वेळापत्रक वळवले जाते तेव्हा दुसऱ्याला कोणी विचारत नाही, आणि तो शांत स्वभावाचा असेल तर त्याने संमती दिली असे गृहीत धरले जाते.

तिसऱ्या खर्चाने आमचे डोळे उघडले. मुलगी साडेबारा वर्षांची असताना आम्ही एका लांबच्या स्पर्धेला गेलो. ती दोन सरळ गेममध्ये हरली, पहिला ८-२१ आणि दुसरा ११-२१. हरण्याचे काही विशेष नव्हते, पण ती बॅकहँडला हातच घालत नव्हती, सगळे फटके पाय ओढून फोरहँडवर घेत होती. परतताना तिने पाण्याची बाटली डाव्या हाताने उघडली तेव्हा मला शंका आली. उजवे मनगट नऊ दिवसांपासून दुखत होते. सांगितले का नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “पत्रकात लिहिलं होतं ना, एंट्री फी परत मिळणार नाही म्हणून. आणि खोली पण आधीच घेतली होती.”

मनगटाच्या स्नायुबंधाला सूज होती आणि सहा आठवड्यांची सक्तीची विश्रांती मिळाली. उपचारांचा खर्च वाचवलेल्या एंट्री फीच्या अनेक पट झाला, हेही मी वहीत नीट लिहून ठेवले.

मुलीला मी खर्च कधीही ऐकवला नाही, असे मी त्या दिवसापर्यंत चारचौघांत अभिमानाने सांगत असे. ते शब्दशः खरेही होते. मी तो तिच्या वडिलांना ऐकवत असे, रोज रात्री, वही उघडून, मोठ्याने बेरीज करत, आणि ती त्याच खोलीत दुसऱ्या टोकाला अभ्यास करत बसलेली असे. लेकी बोले सुने लागे ही म्हण मी लहानपणापासून ऐकली आहे. आमच्या घरी नवऱ्याला बोलत होते आणि लेकीला लागत होते. बारा वर्षांच्या मुलीने मनातल्या मनात एक हिशेब मांडला होता की हा पैसा माझ्यामुळे जातो, तेव्हा तो फुकट जाऊ न देणे हे माझे काम आहे.

यूटा राज्य विद्यापीठातील संशोधकांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पालक आपल्या उत्पन्नाचा जितका मोठा वाटा मुलाच्या खेळावर खर्च करतात तितका मुलाला पालकांचा दबाव अधिक जाणवतो आणि जितका दबाव अधिक तितका खेळातला आनंद व खेळत राहण्याची इच्छा कमी, असा संबंध त्यात आढळला. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम पक्के सिद्ध होत नाहीत, हे मला कळते. तरीही मी ते वाचले तेव्हा त्यातला एक मुद्दा मनात रुतला: येथे मोजमाप उत्पन्नातल्या वाट्याचे आहे, नुसत्या रकमेचे नाही. ज्या घराला खर्च जाणवतो त्या घरातल्या मुलालाही तो जाणवतो. ‘आम्ही पोटाला चिमटा काढून मुलांना खेळवतो’ असे कौतुकाने सांगणाऱ्यांनी तो चिमटा आणखी कोणाला बसतो ते एकदा तपासावे.

पैसे भरले म्हणून जात राहायचे, ही सवय मोठ्यांची आहे आणि मुले ती आपल्याकडून उचलतात. मानसशास्त्रज्ञ हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामाची तिकिटे घेणाऱ्यांपैकी काहींना त्यांनी पूर्ण किमतीत आणि काहींना कमी-अधिक सवलतीत तिकीट दिले, कोणाला काय मिळेल ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून. पूर्ण किंमत मोजणारे हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. नाटके सर्वांसाठी तीच होती. फरक होता तो गेलेल्या पैशात. खेळाच्या वर्गांची वर्षभराची फी एकदम घेण्यामागे व्यवस्थापनाची सोय हे कारण असतेच, पण एकदा सगळे पैसे भरले की पालक मुलाच्या ‘मला आज जायचे नाही’ या वाक्याकडे कसे बघतात, तेही त्या सोयीत जमा होते.

आता एवढे सगळे मोजून काय मिळत होते, हे पाहू. आमची कल्पना अशी होती की लवकर सुरुवात, एकच खेळ आणि जास्तीत जास्त तास, हाच वर जाण्याचा मार्ग आहे. आणि हा मार्ग सर्वांत महाग असल्यामुळे तो बरोबरही असणार, असे कुठेतरी वाटत होते. आर्ने ग्यूलिश, ब्रुक मॅकनमारा आणि डेव्हिड हॅम्ब्रिक यांनी २०२१ मध्ये ५१ अभ्यास-अहवाल एकत्र करून ६,०९६ खेळाडूंच्या माहितीचे विश्लेषण केले आणि त्यांत जागतिक दर्जाचे ७७२ खेळाडू होते. प्रौढपणी जागतिक पातळी गाठलेल्यांनी राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांच्या तुलनेत लहानपणी इतर खेळ जास्त खेळले होते, मुख्य खेळ उशिरा सुरू केला होता आणि सुरुवातीची त्यांची प्रगती तर मंद होती. लहान वयोगटांत चमकणाऱ्यांचे चित्र मात्र याच्या उलट निघाले: त्यांनी एकच खेळ लवकर धरला होता आणि त्याचाच सराव जास्त केला होता. म्हणजे आम्ही जे विकत घेत होतो ते बाराव्या वर्षीचे यश होते, आणि त्याची किंमत आम्ही पंचविसाव्या वर्षीच्या यशाची समजून मोजत होतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये दिलेला सल्लाही याच दिशेचा आहे: एकाच खेळात झोकून देणे साधारण पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे, आठवड्यातून किमान एक-दोन दिवस सुटी द्यावी आणि वर्षात एक-एक महिन्याच्या टप्प्यांनी एकूण तीन महिने त्या खेळापासून दूर राहू द्यावे. तीन महिने! आमच्या वर्गात तीन महिने गेले नाही तर बॅचमधली जागा जात असे.

नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने बालक्रीडेसाठी १९८७ मध्ये नियम स्वीकारले आणि पुढे ते अधिक स्पष्ट केले. आजच्या नियमांप्रमाणे मूल ज्या वर्षी सहा वर्षांचे होते तेव्हापासून स्थानिक स्पर्धा, नऊपासून आपल्या विभागातील स्पर्धा आणि अकरापासून त्यापलीकडच्या खुल्या स्पर्धा खेळू शकते. निकालांच्या याद्या आणि क्रमवारीही अकरापासूनच आणि राष्ट्रीय अजिंक्यपद तेरापासून. हे नियम मुलांवरचा दबाव कमी करण्यासाठी आहेत असे सांगितले जाते आणि ते खरेच आहे. पण माझ्यासारख्या वही ठेवणाऱ्या बाईला त्यात आधी प्रवासखर्च दिसतो. नऊ वर्षांच्या मुलाला गुण मिळवण्यासाठी लांब जाण्याची सोयच नसेल तर बारा स्पर्धांना जाणारे कुटुंब आणि तीन स्पर्धांना जाणारे कुटुंब यांच्यातले अंतर त्या वयापुरते तरी मिटते. एकट्या पालकाने हे घडवून आणणे कठीण असते, कारण आपण थांबलो आणि बाकीचे थांबले नाहीत तर नुकसान आपल्याच मुलाचे होणार असे वाटते. नियम सर्वांना एकदम थांबवतो. साहित्याची अदलाबदल, एकत्र प्रवास, जुने बूट पुढच्या मुलाला देणे हे उपाय आम्ही सगळे करून पाहिले आणि ते चांगले आहेत, पण त्यांनी आमच्या शंभरातले फार तर सात वाचवले.

मनगट बरे झाल्यावर मुलगी वर्षभर खेळली आणि मग एके दिवशी तिने सांगितले की तिला स्पर्धा नकोत. नवरा काही बोलला नाही. रात्री मात्र त्याने वही मागून घेतली आणि साडेपाच वर्षांची बेरीज बराच वेळ पाहत बसला. मीही ती पाहिली होती, आणि मुलीने निर्णय सांगितल्यावर माझ्या मनात आलेला पहिला विचार तोच आकडा होता, हे कबूल करते. आता ती आठवड्यातून दोनदा मैत्रिणींबरोबर खेळते, प्लास्टिकच्या शटलने, आणि तिच्या रॅकेटचे गटिंग गेल्या आठ महिन्यांत एकदाही तुटलेले नाही.

धाकट्याने गेल्या महिन्यात फुटबॉलच्या वर्गाला जायचे म्हटले. हे त्याने स्वतःहून मागितलेले पहिलेच काही. मी चौकशीला गेले तेव्हा तेथील प्रशिक्षकांनी सांगितले की वर्षाची फी एकदम भरली तर दोन महिन्यांची फी माफ होते. हिशेबाने ते फायद्याचे होते. मी एका महिन्याची फी भरून पावती घेतली.